लिंक्डइनवर आपल्या फील्डची माणसं शोधायची कशी? फिशरीजचे सिनियर सापडतच नाहीयेत

हर्णैची_पोर

नमस्कार सगळ्यांना. मी शिरगावच्या फिशरीज कॉलेजला बीएफएससीच्या (मत्स्यशास्त्राची डिग्री) शेवटच्या वर्षाला आहे, रत्नागिरीत होस्टेलला असते, घर हर्णैला. बाबांची बोट आहे त्यामुळे मासळी लहानपणापासून बघतेय, पण संध्याकाळी बंदरावर लिलाव झाला की माल गाडीत चढतो आणि पुढे त्याचं काय होतं ते आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. मला ते पुढचं काम करायचंय. प्रोसेसिंग प्लँटमध्ये क्वालिटीचं, नाहीतर आंध्रात कोळंबीच्या हॅचरीत.

सरांनी सांगितलं लिंक्डइनवर जा आणि सिनियर शोधा. गेले तीन आठवडे तेच करतेय. वरच्या चौकोनात फिशरीज टाकलं, फिशरीज मुंबई टाकलं, फिशरीज जॉब टाकलं. ॲक्वेरियमची दुकानं येतात, प्राध्यापक येतात, बांगलादेश फिलिपिन्सची माणसं येतात, आणि बऱ्याच ठिकाणी नावच नाही, नुसतं 'लिंक्डइन मेंबर' लिहिलेलं. परवा तर मेसेज आला की तुमच्या सर्चची महिन्याची लिमिट संपत आलीय, प्रीमियम घ्या. पैसे भरायची सध्या ऐपत नाही.

चाळीसेक जणांना कनेक्ट केलं, सहा जणांनी घेतलं, उत्तर एकाचंही नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त मागच्या तीन बॅचेस आहेत आणि त्यातले बरेच जण स्पर्धा परीक्षेच्या मागे आहेत. प्लँटमध्ये मुलींना नाइट शिफ्ट असते का, राहायचं कुठे, पहिल्या वर्षी नक्की काय काम देतात, हे विचारायला मला कोणीतरी हवंय. माझं काय चुकतंय ते सांगा प्लीज.

तळोजा_बी_शिफ्ट

मी पण शिरगावचाच, आता तळोजा एमआयडीसीत सीफूड प्लँटला क्यूएमध्ये, म्हणजे क्वालिटी अॅश्युरन्समध्ये आहे. तुझा मेसेज वाचून उत्तर दिल्याशिवाय राहवेना कारण मी पण असाच अडकलो होतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्लँटमध्ये काम करणारा माणूस स्वतःच्या प्रोफाइलवर 'फिशरीज' लिहीतच नाही. फिशरीज हे आपल्या डिग्रीचं नाव, कामाचं नाव वेगळं. माझ्या टायटलमध्ये काय आहे सांगतो, 'क्वालिटी अॅश्युरन्स एक्झिक्युटिव्ह'. माझ्या बॅचचा एक जण 'प्रॉडक्शन सुपरवायझर', एक 'मायक्रोबायोलॉजिस्ट', एक कोळंबीच्या खाद्याच्या कंपनीत आहे तो 'टेरिटरी सेल्स' काहीतरी, आणि हॅचरीवाला 'टेक्निशियन'. या चौघांपैकी एकाच्याही टायटलमध्ये मासा नाही बघ. म्हणून तू फिशरीज टाकलंस की फिशरीज शिकवणारे आणि मासे विकणारे दिसतात, मासे तपासणारे दिसत नाहीत. समोरच्याने स्वतःला काय म्हटलं असेल तो शब्द टाकायचा. तो कळत नसेल तर आधी नोकऱ्यांच्या जाहिराती वाच, सीफूड कंपन्या ज्या नावाने पोस्ट काढतात तीच नावं लोक प्रोफाइलवर उतरवतात. एचएसीसीपी, बीआरसी (ही दोन्ही अन्नसुरक्षेची मानकं), फ्रोझन, श्रिंप, सुरीमी (माशाच्या मांसाची पेस्ट), आयक्यूएफ (एकेक नग सुटा गोठवणं) हे शब्द पण कामाचे, कारण कामाच्या वर्णनात ते येतातच.

दुसरं कॉलेजचं नाव. कोणी कॉलेज ऑफ फिशरीज रत्नागिरी लिहिलंय, कोणी शिरगाव, कोणी नुसतं विद्यापीठाचं नाव. आपलं दापोलीचं विद्यापीठ १९७२ चं, तेव्हा नुसतं कोकण कृषी विद्यापीठ होतं, बाळासाहेब सावंतांचं नाव नंतर लागलं, म्हणून जुने लोक केकेव्ही लिहितात आणि नवीन डीबीएसकेकेव्ही लिहितात. त्यात कोणी स्पेलिंगमध्ये कोकण लिहितो कोणी कोंकण, कोणी विद्यापीठला शेवटी दोन ई लावतो कोणी आय. मी हे सगळे प्रकार एकेक करून टाकले होते आणि प्रत्येक वेळी वेगळी माणसं आली, खरंच वेगळी.

आणि गावं. मुंबईत शोधू नकोस फक्त. वेरावळ टाक, भीमावरम, नेल्लोर, विशाखापट्टणम, कोची टाक. आपली माणसं तिकडे आहेत. वर्सोव्याच्या सीआयएफईला, म्हणजे केंद्राच्या मत्स्य शिक्षण संस्थेत, एमएफएससी (मास्टर्स) करून गेलेले पण खूप, ते शिक्षणात वर सीआयएफई लिहितात आणि शिरगाव खाली राहतं.

नाइटचं म्हणशील तर आमच्याकडे क्यूएच्या मुली आहेत, बाकी ठिकाणचं मी सांगू शकत नाही, ते तिथल्याच मुलीला विचारलेलं बरं.

चिपळूणची_एचआर

मी भरतीचंच काम करते, लोट्याच्या केमिकल कंपन्यांसाठी माणसं शोधायची, रोज सात आठ तास हेच. वरच्या दादांनी अगदी मुद्द्याचं सांगितलंय, मी फक्त मशीन कसं चालतं ते सांगते.

आधी ते 'लिंक्डइन मेंबर' का दिसतं ते. तिथे फर्स्ट, सेकंड, थर्ड असं नातं असतं. तुझ्याशी जोडलेला तो फर्स्ट, त्याचा ओळखीचा तो सेकंड, सेकंडचा ओळखीचा थर्ड, आणि त्याच्या पलीकडचे लोक तुझ्यासाठी जवळपास बंद दारच. तुझ्या खात्यावर आत्ता वीस पंचवीस जण असतील तर सगळं जगच तुझ्यापासून लांब आहे गं. म्हणून अनोळखी चाळीस जणांना पाठवण्याआधी स्वतःचा पूर्ण वर्ग जोडून घे, मग तुला शिकवणारे प्राध्यापक. एखाद्या सरांकडे वीस वर्षांचे विद्यार्थी जोडलेले असतात, ते एकटे जोडले गेले की ते सगळे तुझे सेकंड होतात आणि तोच सर्च परत मारलास की नावं दिसायला लागतील. एकच सर्च माझ्या खात्यावर वेगळा दिसतो तुझ्या खात्यावर वेगळा.

मग शोधायचं कसं. वर टाइप केलं की आधी 'पीपल' निवड, मग 'ऑल फिल्टर्स' उघड. त्यात ठिकाण, आत्ताची कंपनी, आधीची कंपनी, शाळा कॉलेज, इंडस्ट्री असं सगळं आहे, आणि अगदी खाली टायटलचा वेगळा रकाना आहे, तो बहुतेक लोक बघतच नाहीत. त्या टायटलमध्ये टाकायचं, क्वालिटी ऑर क्यूए ऑर क्यूसी (क्वालिटी कंट्रोल). ते ऑर इंग्रजी कॅपिटलमध्येच टाइप करायचं, लहान अक्षरात लिहिलंस तर तो साधा शब्द धरतो. अँड, ऑर, नॉट तिन्हीचं तेच. दोन शब्द जोडूनच हवे असतील तर अवतरण चिन्हात टाक, म्हणजे क्वालिटी अॅश्युरन्स एकत्र. एकात दोन मिसळायचे असतील तर कंस घाल, कंसात श्रिंप ऑर सीफूड, बाहेर अँड, मग दुसऱ्या कंसात क्वालिटी ऑर प्रॉडक्शन. ॲक्वेरियम नको असेल तर शेवटी नॉट ॲक्वेरियम. गुगलवर चालतो तसा स्टार इथे चालत नाही, त्यात वेळ घालवू नकोस.

पण माझ्या अनुभवात याहून भारी दोन जागा आहेत. एक, कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या पानावर जा, तिथे ॲल्युमनायचा टॅब असतो. माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठल्या कंपनीत आहेत, काय काम करतात याच्या पट्ट्या येतात, पट्टीवर क्लिक केलं की यादी गाळली जाते. वर्षं पण टाकता येतात, तू तुझ्या आधीची पाच ते दहा वर्षं घे, फार मोठ्या पोस्टवर गेलेल्यांना मेसेज वाचायला वेळ नसतो आणि कालच लागलेल्याला स्वतःलाच काही माहीत नसतं. दुसरी जागा कंपनीचं पान. जिथे जायचंय ती कंपनी उघड, त्यात 'पीपल' टॅब, तिथल्या सर्चमध्ये दापोली, कोंकण, रत्नागिरी असं टाकून बघ. तीन हजार माणसांच्या कंपनीत आपल्याकडचे दोन निघाले तरी काम झालं.

लिमिटचं सांगायचं तर फुकटच्या खात्याला ती असतेच, दर महिन्याच्या एक तारखेला परत सुरू होते. पण नाव टाकून माणूस शोधलास तर तो त्यात मोजत नाहीत. म्हणून नावं दुसरीकडून काढायची, कॉलेजच्या जुन्या मासिकातून, बक्षिसांच्या यादीतून, सेमिनारच्या फोटोखालून, आणि मग नावाने शोधायचं. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं हे लक्षात ठेव, फक्त पहिलं नाव आणि कॉलेज टाक. आडनावाचं स्पेलिंग पण दोन तऱ्हेने करून बघ, सावंत डब्ल्यूने आणि व्हीने, गावकर तर चार प्रकारे लिहितात.

देवरूखचा_मेकॅनिकल

मधेच विचारतो, इंजिनियरिंगला पण हे चालेल का? मी विद्यापीठाचं पान उघडलं तर लाखो माणसं दिसतात.

चिपळूणची_एचआर

हो ते होणारच, कारण रत्नागिरी सिंधुदुर्गातली कितीतरी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, लोक कॉलेजचं नाव न लिहिता सरळ युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई लिहितात आणि मग तू गर्दीत हरवतोस. अशा वेळी शाळेचा फिल्टर मुंबई विद्यापीठ ठेव आणि कीवर्डमध्ये देवरूख किंवा आंबव टाक, कुठेतरी गावाचा उल्लेख केलेला असतो. डिप्लोमा आधी केलेला असेल तर गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक रत्नागिरी टाकून बघ, तिकडून पण सापडतात.

मालवणचो_दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत, सध्या घरी आसय म्हणान लिहितंय. पोरी, तुका लिमिटचो त्रास जाता ना, मग गुगलान शोध. गुगलच्या चौकोनात साइट, मग कोलन, मग जागा न सोडता लिंक्डइन डॉट कॉम स्लॅश इन, आणि पुढे अवतरण चिन्हात तुझे शब्द, म्हणजे एकदा सीफूड, एकदा रत्नागिरी. सगळा इंग्रजीत टाइप करूचा. गुगल लिंक्डइनची उघडी पानां थेट दाखवता आणि लिंक्डइनच्या लिमिटचो तेका काय संबंध नाय. मी जुने जहाजावरचे सोबती असेच शोधलंय, पंधरा वर्षांनी एक सापडलो, आता रोज फोन असता.

आता हे जरा सगळ्यांसाठीच लिहितो, नीट वाचा. माणूस शोधताना माणूस खरा आहे का तेही बघा. प्रोफाइलवर 'मोअर' मध्ये 'अबाउट धिस प्रोफाइल' म्हणून आहे, त्यात खातं कधी उघडलं तो महिना दिसतो, ओळख तपासलेली आहे का ते दिसतं. दोन महिन्यांपूर्वी उघडलेलं खातं आणि पद मात्र वीस वर्षं अनुभवाचा मॅनेजर, अशाशी बोलू नका. माझ्या गावच्या एका पोराचे जहाजावर लावतो म्हणून दीड लाख गेले, त्या एजंटाची ओळख अशीच ऑनलाइन झालेली. जहाजाच्या नोकरीला डीजी शिपिंगचं (केंद्र सरकारचं जहाज खातं) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स असलेलीच कंपनी लागते आणि तो नंबर त्यांच्या साइटवर तपासता येतो, पण पोराने विचारलंच नाही आणि घरच्यांना तर माहीतच नव्हतं. नोकरी देणारा पैसे मागत नाही, प्लँट असो की जहाज. आई बापानी होडी गहाण टाकून दिलेले पैसे असतात ते.

खाडीपट्टा_दाभोळ

मला हे सगळं वाचून थोडं वेगळं वाटतंय म्हणून लिहितो, राग मानू नये. मी तीस वर्षं मासळीच्या धंद्यात आहे, मिरकरवाड्यापासून वेरावळपर्यंत माल दिलाय. प्लँटमध्ये जे खरं काम जाणतात, फ्लोअर इन्चार्ज, ग्रेडिंगवाले, बर्फावरचे, त्यांच्यातले निम्मे लोक या साइटवर नाहीतच, आणि जे आहेत ते वर्षाला एकदा उघडतात. तुझ्या बाबांच्या मालाची गाडी कुठे जाते ते त्या व्यापाऱ्याला विचार. तो प्लँटच्या खरेदीवाल्याला रोज फोन करतो. एक फोन लावला की तू थेट आत.

हर्णैची_पोर

काका राग कशाला, हे तर मला सुचलंच नव्हतं. बाबांना विचारते. पण आंध्रात आमच्या ओळखीचं कोणी नाही, तिकडे लिंक्डइनच लागेल.

तळोजा_बी_शिफ्ट

काकांचं बरोबर आहे आणि दोन्ही जोडता येतं. व्यापाऱ्याकडून कंपनीचं नाव काढ, मग त्या कंपनीच्या पानावर पीपलमध्ये आपल्या कॉलेजचं कोण ते बघ, म्हणजे फोन करताना नाव घेऊन बोलता येतं.

अजून एक, माणसं नुसती प्रोफाइलवरून शोधू नकोस, पोस्टवरून शोध. सर्च करून 'पोस्ट्स' निवड आणि तारीख मागच्या महिन्याची ठेव. २१ नोव्हेंबरला जागतिक मत्स्य दिन असतो, १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन, त्या आठवड्यात आपल्या फील्डची सगळी माणसं फोटो टाकतात. मार्चमध्ये बोस्टनला सीफूडचं प्रदर्शन असतं, एक्सपोर्टवाले तिकडून पोस्ट करतात. त्याखाली कमेंट कोण करतं ते वाच. जो कालच कमेंट करून गेला तो तुझा मेसेज बघणार, जो चार वर्षांत फिरकला नाही तो बघणार नाही. तुझे चाळीसपैकी किती जण असे झोपलेले होते ते तपासून बघ एकदा.

चिपळूणची_एचआर

हे पोस्टचं फार चांगलं सांगितलंत, आम्ही पण तसंच करतो.

आता मेसेजबद्दल, कारण शोधून झालं तरी उत्तर येत नाही हाच तिचा खरा प्रश्न आहे. कोरी रिक्वेस्ट पाठवू नकोस. सर्चच्या यादीतून कनेक्ट दाबलं की बऱ्याचदा ती तशीच निघून जाते, म्हणून आधी प्रोफाइल उघड, तिथून नोट जोडून पाठव. फुकटच्या खात्यावर नोटसकट रिक्वेस्ट महिन्याला मोजक्याच मिळतात आणि एका नोटमध्ये २०० अक्षरं, त्यामुळे त्या नीट निवडलेल्या माणसांसाठी राखून ठेव. वर्गमित्रांना नोट लागत नाही, ते तसेच घेतात.

आणि नोटमध्ये नोकरी मागू नकोस. दिवसाला असे कितीतरी मेसेज येतात, 'सर माझा सीव्ही बघा', माणूस काय करणार त्याच्या हातात नोकरी नसतेच. एक छोटा प्रश्न विचार ज्याचं उत्तर त्याला चहा पिता पिता देता येईल. असं काहीतरी, 'नमस्कार मॅडम, मी शिरगाव फिशरीज शेवटचं वर्ष, गाव हर्णै. तुम्ही वेरावळला क्यूएला आहात. ट्रेनीला पहिले सहा महिने कुठल्या सेक्शनला ठेवतात एवढंच विचारायचं होतं.' बस. गावाचं नाव नक्की घाल, कोकणी माणूस परमुलखात गावाचं नाव वाचून थांबतोच, हे मी स्वतः पाहिलंय.

तुझी स्वतःची प्रोफाइल पण भर आधी. नोट वाचून लोक तुझ्या नावावर क्लिक करतात, तिथे फोटो नाही, काही नाही असं असेल तर बंद करतात. हेडलाइनमध्ये नुसतं 'स्टुडंट' नको, बीएफएससी, सीफूड क्वालिटी, इन-प्लँट ट्रेनिंग कुठे केलं ते लिही. बाबांची बोट आहे हे पण लिही, त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट ताजी मासळी हातात घेऊन कळणारी मुलगी क्वालिटीला कोणाला नको असेल.

आणि मुलगी म्हणून एक, तू कोणाची प्रोफाइल बघितलीस हे त्याला दिसतं. नको असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हेट मोड आहे, पण मग तुझी कोणी बघितली हे तुला पण दिसत नाही. मी तर म्हणेन शोधताना नाव दिसू दे, कितीतरी वेळा समोरचाच आधी विचारतो. फोन नंबर मात्र लगेच देऊ नकोस, आधी तिथेच बोल.

हर्णैची_पोर

बारा दिवसांनी लिहितेय, परीक्षा होती म्हणून उशीर झाला, सॉरी.

सगळं क्रमाने केलं. आधी वर्ग जोडला, मग चार सर आणि एक मॅडम. मॅडम जोडल्या गेल्या त्या रात्री तोच जुना सर्च मारला तर जिथे लिंक्डइन मेंबर दिसत होतं तिथे नावं दिसायला लागली, मी होस्टेलवर ओरडलेच. विद्यापीठाच्या पानावरून आणि केकेव्ही, कोकण, कोंकण असं वेगवेगळं टाकून मिळून शिरगावचे सव्वीस जण वहीत उतरवले, गाव आणि कामासकट. त्यातले अकरा जण मागच्या दोन महिन्यांत काहीतरी पोस्ट किंवा कमेंट केलेले. त्या अकरातले पाच निवडून नोट पाठवली. तिघांनी उत्तर दिलं.

एक ताई वेरावळला आहे. ती आधी माझ्या सर्चमध्ये आलीच नव्हती कारण आडनाव लग्नानंतर गुजराती झालंय आणि टायटल नुसतं 'असिस्टंट मॅनेजर टेक्निकल'. माहेर हर्णैपासून दोन गावं सोडून! चाळीस मिनिटं बोलली. पहिले सहा महिने रिसिव्हिंगला ठेवतात म्हणाली, माल आला की तापमान घ्यायचं, वास बघायचा, बर्फाचं प्रमाण बघायचं, मग प्री-प्रोसेसिंग, मग फ्रीझिंग. उणे अठराच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आत बाहेर करावं लागतं तर सुरुवातीला सर्दी होते, गरम मोजे आण म्हणाली. नाइट आहे पण त्यांच्याकडे मुलींना न्यायला सोडायला गाडी असते आणि राहायला तिघी मिळून खोली. हे मला कुठल्याच जाहिरातीत कळलं नसतं. पावसाळी मासेमारी बंदी उठली की प्लँटला माल वाढतो आणि माणसं लागतात, म्हणून सीव्ही मेमध्येच पाठव म्हणाली.

दुसरे एक सर नेल्लोरजवळ हॅचरीत आहेत, त्यांनी लिहिलंय की तेलुगू थोडं तरी शीक, कामगारांशी त्याशिवाय बोलता येत नाही. ते पण सुरू केलं.

दाभोळच्या काकांचं पण केलं. बाबांनी व्यापाऱ्याला विचारलं तर आमची म्हाकूल आणि राणी मासळी तळोजालाच जाते! बाबा दोनदा म्हणाले, तळोजाला जाते होय.

तळोजावाले दादा, मी सीव्ही एका पानाचा केलाय, प्लँटच्या दृष्टीने त्यात काय कमी आहे ते बघाल का?

तळोजा_बी_शिफ्ट

पाठव इथेच मेसेजमध्ये, फोन नंबर आणि पत्ता खोडून पाठव. या आठवड्यात नाइट आहे, रविवारी निवांत बघतो. आणि इन-प्लँटला तू स्वतः कुठल्या टेस्ट केल्यास त्याची वेगळी ओळ घाल, इंटरव्ह्यूला पहिलं तेच विचारतात.